नवोदयच्या यादीत न बसणारी हुशारी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

नवोदयच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळांच्या, सहावीच्या प्रवेश परीक्षेला पाचवीतली कोणती मुले बसवावीत, असे तू विचारले आहेस. अर्ज तर सगळ्यांचेच भर, कारण ही परीक्षा मुलाला एकदाच देता येते आणि पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण भागासाठी असूनही आपल्या वाड्यांवरची आणि पोडांवरची, म्हणजे कोलाम वस्त्यांवरची, मुले त्या अर्जापर्यंतच पोचत नाहीत. परंतु निवड करण्याची वेळ येईल तेव्हा हुशार मूल ओळखायचे कसे, हा खरा प्रश्न आहे आणि त्याविषयीच लिहितो.

हुशार म्हटले की वळणदार अक्षराचे, पाढे पाठ असलेले आणि गृहपाठ न चुकवणारे मूल आपल्या डोळ्यांसमोर येते. त्याचे कौतुक व्हावेच. पण असामान्य बुद्धीचे मूल पुष्कळदा या चौकटीत बसत नाही. जोसेफ रेन्झुली या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९७८ मध्ये असे मांडले की सरासरीहून वरची क्षमता, सर्जनशीलता आणि हाती घेतलेल्या कामाचा पिच्छा न सोडण्याची वृत्ती, या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे प्रतिभा प्रकटते. यातली तिसरी गोष्ट वर्गात दिसणार कशी, जर घंटा झाली की आपण पुस्तकच मिटायला लावतो?

माझ्या चौथीत एक कोलाम आदिवासी मुलगी आहे. घरी कोलामी, अंगणात वऱ्हाडी आणि पुस्तकात प्रमाण मराठी, अशा तीन भाषांच्या ओढाताणीत तिचे शुद्धलेखन पार कोलमडते. सुटीच्या दिवशी ती आईबरोबर कापूस वेचणीला जाते. एकदा परिसर अभ्यासाच्या तासाला तिने विचारले, "सर, सकायी वेचलेला कापूस जड काहून भरते?" दवामुळे, असे मी सांगितले, पण तेवढ्याने तिचे समाधान झाले नाही. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणजे सकाळी वेचणाऱ्या बाईला दवाचेही पैसे मिळतात आणि ते शेतकऱ्याच्या खिशातून जातात. मग बाजारात तोच कापूस ओला ठरला, तर ते पाणी शेवटी कोणाच्या नावावर पडते, असा तिचा सवाल होता. हमीभावाच्या खरेदीत आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव आणि त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत कपात करून खरेदी, हे मी तिला समजावले. त्यानंतर ती पिशवीभर कापूस शाळेत घेऊन आली, पोषण आहाराच्या काट्यावर सकाळी तोलला, ओसरीत उन्हाला पसरला, दुपारी पुन्हा तोलला आणि दोन्ही वजने वहीच्या मागच्या पानावर मांडली. हे तिला कोणीही करायला सांगितले नव्हते. घटक चाचणीच्या यादीत मात्र तिचे नाव मधल्या फळीतच सापडते.

म्हणून मुलांचे गुणपत्रक पाहण्याआधी त्यांचे प्रश्न टिपून ठेव. नवोदयच्या ऐंशी प्रश्नांपैकी चाळीस मानसिक क्षमतेचे, आकृत्यांचे असतात आणि भाषेत अडखळणाऱ्या मुलाला तिथे वाव मिळतो. मात्र उत्तरपत्रिकेतले गोल कसे रंगवायचे याचा सराव आधीच करून घे, कारण तालुक्याच्या शिकवणीतल्या मुलांना तो आधीच झालेला असतो.

अशा मुलांसाठी पुढे काय करायचे, याबाबत माझे मत थोडे तिखट आहे. हुशार मुलाला वर्गप्रमुख करून इतरांचे पाढे म्हणवून घ्यायला बसवणे म्हणजे त्याला बिनपगारी शिक्षक करणे होय. त्याला वरच्या पायरीचे काम हवे असते. आपल्या द्विशिक्षकी शाळेला सगळे नावे ठेवतात, पण चौथीच्या मुलीला पाचवीचे अपूर्णांक कानावर पडण्याची सोय शहरातल्या शाळेत नाही. तिला त्या ओळीत जाऊन बसू दे, हजेरी चौथीचीच राहील. पुण्यात ज्ञानप्रबोधिनी या शिक्षणसंस्थेने १९६२ पासून अशा मुलांसाठी वेगळे काम उभे केले आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही विशेष आवड व क्षमता असलेल्या मुलांना पूरक साहित्य द्यावे असे म्हटले आहे. आपल्यापर्यंत ते साहित्य येईल तेव्हा येईल. तोवर काटा, कापूस आणि विहिरीची पातळी आहेच.

त्या मुलीची आई तिला निवासी शाळेत पाठवायला राजी नाही. एवढ्या लहान लेकराला घराबाहेर कसे ठेवू, हे तिचे म्हणणे मला पटते आणि मी आग्रह धरणार नाही. आठवीत एनएमएमएसची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलांसाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीची, परीक्षा आहे. पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख असून निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला बारा हजार रुपये मिळतात, हे मी तिच्या आईला सांगून ठेवले आहे.

तुझ्याकडे गणिताच्या कोड्यांची जुनी पुस्तके पडून असतील तर येणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठव. मागची उत्तरांची पाने फाटलेली असली तरी चालेल.

तुझा,
बालमित्र