पुतळा उभा राहिला, नमुना कुठे गेला?

महोदय,

इटलीतल्या पिएत्रासांता या गावी शिल्पकारांच्या निवासी कार्यशाळेत नुकतेच काम करून आलो. काराराच्या संगमरवराच्या खाणी तिथून जवळच. पहिल्याच दिवशी तिथल्या वयस्कर कारागिराने माझी छिन्नी बाजूला ठेवायला लावली आणि दगडावर हातोडी वाजवून दाखवली. खणखणीत आवाज आला तर दगड निर्दोष; बद्द आला तर आत चीर. हे मला आमच्या महाविद्यालयात कुणी शिकवले नव्हते, पाथरवट मामांनी मात्र लहानपणीच सांगितले होते!

पण पत्र लिहितोय ते वेगळ्याच कारणासाठी. त्या छोट्याशा गावात, जुन्या मठाच्या इमारतीत, 1984 पासून केवळ शिल्पांच्या कच्च्या नमुन्यांचे, म्हणजे अंतिम शिल्पाआधी माती-प्लास्टरमध्ये केलेल्या कामांचे, संग्रहालय आहे. प्लास्टरच्या काही नमुन्यांवर पेन्सिलीच्या खुणा आणि माप घेण्याच्या यंत्राची सुई टेकवायचे ठिपके अजून दिसतात. शिल्पकाराने कुठे हात आखडता घेतला, तेही कळते.

आपल्याकडे चौकाचौकांत ब्राँझचे पुतळे उभे राहतात. ओतकाम झाले की मातीचे काम मोडायचे आणि प्लास्टर गोदामात जागा अडवते म्हणून फोडायचे, हा शिरस्ता. अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार वि. पां. करमरकरांच्या कामांचे शिल्पालय आहे, बाकी आनंदच. सरकारी खर्चाने होणाऱ्या पुतळ्यांच्या करारात निदान लहान नमुना जपण्याची अट घालावी. त्याला एखाद्या जिल्हा ग्रंथालयाचा कोपराही पुरेल.

– एक शिल्पकार, कोल्हापूर