रिफंड आला म्हणजे सुटलो असं नाही

संपादक, स.न.

आपल्या रविवारच्या अंकातला टॅक्स वाचवण्यावरचा लेख आवडला, पण 'रिटर्नसोबत कागद जोडावे लागत नाहीत' एवढंच लिहून सोडून दिलंय ते अर्धवट वाटलं. जोडायचे नसले तरी जपून ठेवायचे असतातच, आणि इंदूरात आमच्या रामबागेकडे काही एजंट नेमका ह्याचाच फायदा घेऊन खोट्या वजावटी दाखवतात, फी पण रिफंडच्या टक्केवारीवर. शेजारच्या काकांनी रिटर्नची प्रिंट दाखवली तर त्यात ८० जीजीसी ह्या वजावटीच्या कलमाखाली राजकीय पक्षाला चाळीस हजारांची देणगी! काका म्हणजे गणपतीच्या वर्गणीलाही घासाघीस करणारे. वर म्हणतात, "पण रिफंड तर आला ना."

इथेच घोळ होतो. रिफंड कॉम्प्युटर काढतो, तपासणी नंतर होते. ज्या आर्थिक वर्षात रिटर्न भरलं ते संपल्यावर तीन महिन्यांपर्यंत स्क्रूटिनीची, म्हणजे रिटर्नच्या सखोल तपासणीची, नोटीस येऊ शकते, आणि वजावट खोटी निघाली तर टॅक्स, व्याज आणि वर त्या टॅक्सच्या २०० टक्के पेनल्टी, ती पण एजंटला नाही, ज्याचा पॅन त्याला. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने अशाच खोट्या वजावटींसाठी देशभर १५० ठिकाणी तपासणी केली होती.

ज्यांचं असं झालंय त्यांना जादा टॅक्स भरून अपडेटेड रिटर्न, म्हणजे आधीची चूक सुधारणारं रिटर्न, देता येतं, हे पण छापा. फक्त स्क्रूटिनी सुरू झाली की त्या वर्षापुरता तो रस्ता बंद.

– एक वाचक, रामबाग, इंदूर