पैठणी बिघडते ती कपाटात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रेशमी साड्या घरी कशा जपाव्यात, याविषयी दर लग्नसराईत सल्ले छापून येतात आणि त्यांतला बहुतेक भर धुण्यावर असतो. वास्तविक पैठणी वर्षाकाठी दोन-चार वेळा नेसली जाते, धुतली त्याहून कमी जाते आणि उरलेला सारा काळ कपाटात घडी घालून पडून असते. तिचे खरे नुकसान तिथेच होते. पण ते नजरेस यायला काही वर्षे जात असल्याने दोष मात्र विणकराच्या माथी मारला जातो.

रेशीम हे केस आणि लोकर यांच्यासारखेच प्रथिनाचे सूत असल्यामुळे कसरीला ते प्रिय, आणि कडक उन्हात ते पिवळे पडून ठिसूळ होते. जरीची गोष्ट निराळी. अस्सल जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून वर सोन्याचा मुलामा दिलेला असतो, 'टेस्टेड' जरीत तांब्याच्या तारेवर चांदी चढवलेली असते, आणि तिसऱ्या प्रकारात चकाकत्या प्लास्टिकपलीकडे काहीच नसते. पहिल्या दोन प्रकारांना घाम, अत्तर आणि दमट हवा बाधते व ती जरी काळवंडते. तिसरी काळी पडत नाही, पण गरम इस्त्रीखाली आकसते. शिवाय धातूची जरी ताठ असते. एकाच घडीवर ती वर्षानुवर्षे दुमडून राहिली की तिथे मोडते आणि लगतचे रेशीमही चिरत जाते. म्हणून दर तीन-चार महिन्यांनी साडी बाहेर काढून सावलीत वारा द्यावा आणि घडीच्या रेषा बदलून ती पुन्हा ठेवावी, हा जुन्या बायकांचा परिपाठ आजही सर्व उपायांत श्रेष्ठ आहे. त्याला एक पैसाही लागत नाही, बहुधा म्हणूनच तो कोणी सांगत नाही.

दुकानातून मिळणारे प्लास्टिकचे चेनवाले कव्हर घरी येताच काढून टाकावे, कारण कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात त्यात ओल कोंडून बुरशी धरते. धुतलेल्या जुन्या सुती धोतराचा तुकडा किंवा मलमल पुरेशी असते. डांबरगोळ्या ठेवायच्याच असतील तर पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवाव्यात, कापडाला टेकू देऊ नयेत. भरजरी साडी हँगरला लटकवू नये, कारण ती स्वतःच्याच वजनाने ताणली जाते.

धुण्याविषयी थोडेच. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, कारण साबण अल्कधर्मी असतो. मग घाबरून घासाघास होते आणि साडीचा रंगच उडतो. साध्या, बिनजरीच्या रेशमाला रिठ्याचे कोमट पाणी चालते, मात्र रंग जातो का हे आधी आतल्या टोकावर पाहावे. ओले रेशीम कमजोर असते, त्यामुळे पिळणे वर्ज्य. आणि फॉल लावण्यापूर्वी तो भिजवून वाळवलेला आहे ना, हे शिंप्याला विचारावे. नाहीतर पहिल्याच धुण्यात फॉल आटतो आणि काठाला चुण्या पडतात.

आता मुख्य मागणी. वरच्या साऱ्या गोष्टी साडीतली जरी कोणती आहे यावर ठरतात आणि नेमके तेच ग्राहकाला लेखी कळत नाही. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन (मूळ प्रदेशाची कायदेशीर ओळख) मिळाले खरे. केंद्रीय रेशीम मंडळाचा 'सिल्क मार्क' 2004 पासून आहे, पण तो रेशमाच्या शुद्धतेची हमी देतो, जरीच्या नव्हे. 'फक्त ड्रायक्लीन' हा शिक्का तर विक्रेत्याने अंग काढून घेण्याची सोय झाला आहे. येवला आणि पैठण येथील विक्रेत्यांनी प्रत्येक साडीसोबत मराठीत छापलेली एक चिठ्ठी द्यावी. तीत जरीचा प्रकार, रंग पक्का आहे की नाही आणि पाणी चालते की नाही, एवढ्या तीनच गोष्टी असाव्यात. हजारो रुपयांच्या वस्तूवर हा खर्च जड नाही. तोवर ग्राहकांनी जरीचा प्रकार बिलावर लिहून मागावा. पुढे रफू वा पॉलिशला साडी देताना ते बिल उपयोगी पडेल, आणि दारोदार फिरून जुनी जरी विकत घेणाऱ्यासमोर भाव करतानाही.

आपली,
एक वाचक, नाशिक