काल फोन का उचलला नाही ते सांगतो

पोरी,

काल संध्याकाळी तुझे तीन मिस्ड कॉल पडले होते आणि मी एकपण उचलला नाही, तू चिडलीस ते बरोबरच आहे. आईने तुला सांगितलं पप्पा दारात वादळ बघत बसलेत, तर तू म्हणालीस म्हणे की या वयात त्यात काय बघायचं असतं. फोनवर मला असलं नीट बोलता येत नाही म्हणून टाईप करतोय, निवांत वाच, लोकलमध्ये वाचलंस तरी चालेल.

परवापर्यंत इकडे सोलापुरात 43 च्या वर तापमान होतं. रात्री अकराला भिंतीला हात लावला तरी गरम, कूलरमध्ये पाणी टाकावं म्हटलं तर नळाला चार दिवसाआड पाणी. आणि काल दुपारी वारं एकदम पडलंच. लिंबाचं पान हलेना, शर्ट पाठीला चिकटलेला, जीव नुसता गुदमरल्यासारखा. असं झालं की मला आतनं कळतं, आज येणार. चारच्या सुमाराला अक्कलकोटच्या बाजूला ढग चढायला लागला, खाली काळानिळा आणि वरचं टोक फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं पांढरंफेक. हे ढग 12 ते 15 किलोमीटर उंच चढतात, विमानं जातात त्याच्याही वर, आणि हे सगळं चढतं ते आपल्याच तापलेल्या जमिनीच्या जोरावर. म्हणून तर महिनाभर भाजून निघाल्यावर वळीव येतो. मला त्या उन्हाचा राग येत नाही तो त्यामुळेच.

मग लाईट गेली. आपल्या गल्लीतली लूमची, म्हणजे यंत्रमागांची खटाखट तू जन्मल्यापासून ऐकलीयस, दिवसरात्र चालू, झोपेत ती थांबली तर जाग यायची तुला. वादळाचा पहिला झोत आला की लाईट जाते आणि सगळ्या कारखान्यातले लूम एकाच वेळी बंद पडतात, धोटा जिथल्या तिथे, टॉवेल अर्धवट. अख्खा पूर्व भाग गप्प होतो. आणि मग ऐकू यायला लागतं, कुठेतरी सुटलेला पत्रा वाजतोय, झाड सळसळतंय, बायका गच्चीवरचे पापड-कुरडया गोळा करायला पळतायत आणि एकमेकींना तेलुगूत हाका मारतायत. तीस वर्षं जॉबर म्हणून, म्हणजे लूम दुरुस्त करत, मी त्या खटाखटीत उभा राहिलो बाळा, शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी ओरडायला लागायचं. लाईट गेली की मजुरी बुडायची, पीसवर पगार होता, लोक वैतागायचे आणि त्यांचं काहीच चूक नव्हतं, मलाही घर चालवायचंच होतं. तरी माझे पाय दाराकडे वळायचे. तेवढी दहा मिनिटं मला कुणी मागितली असती तरी मी दिली नसती.

हे माझ्यात आलंय कुठून ते पण सांगतो, तुला कधी सांगितलं नाही. मी आठ-नऊ वर्षांचा असेन, पत्र्याची खोली होती आपली. मे महिन्यात असंच वादळ आलं आणि एका बाजूचे दोन पत्रे उडून गेले, वर नुसतं आभाळ, आणि गारा सुरू झाल्या, लिंबाएवढ्या. तुझ्या आजोबांनी मला आणि आत्याला कोपऱ्यात बसवलं आणि पितळी परात उलटी करून आमच्या डोक्यावर धरली. त्या परातीवर गारा वाजत होत्या तो आवाज माझ्या कानात अजून आहे, देवळातल्या घंटा कुणीतरी एकदम वाजवाव्यात तसा. आम्ही दोघं आत बसून हसत होतो. पाऊस थांबल्यावर बघितलं तर परात धरलेली त्यांची बोटं सगळी सुजली होती. दुसऱ्या दिवशी त्याच हातांनी पत्रे परत चढवले, वर दगड ठेवले, आणि मिलमध्ये गेले.

काल थेंबाच्या आधी आला तो वास. पाऊस यायच्या आधीच वास कसा येतो असं तू लहानपणी विचारायचीस, तेव्हा मला सांगता आलं नव्हतं. ढगातनं पाऊस पडायला लागला की बरोबर गार हवा पण खाली आदळते आणि चारी बाजूला पसरते, ती पावसाच्या पुढे पळते, म्हणजे तिकडे पाच-सहा किलोमीटरवर जो मृद्गंध उठलाय तो घेऊन ती आपल्या दारात येते. आधी धूळ, मग वास, मग थेंब. पहिले थेंब लांब लांब पडले, अंगणातल्या धुळीत रुपयाएवढे खड्डे, कडेला धुळीचीच बारीक झालर. मी खाली बसून बघत होतो. फोन आत चार्जिंगला होता.

आणि काळजी करू नकोस, मी गच्चीवर नव्हतो, झाडाखाली पण नव्हतो, दाराच्या आत होतो. वीज चमकली की सेकंद मोजतो, 3 सेकंदाला साधारण 1 किलोमीटर. तीसच्या आत गडगडलं की आतच थांबायचं, आणि आवाज थांबल्यावरही अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप पण टाकलंय, तू पण टाक. हे तेच लोक, 2018 आणि 2019 ला सोलापुरातनं विमानं उडवून ढगात कॅल्शियम क्लोराईड सोडून बघत होते पाऊस वाढतो का. विमानाचा आवाज आला की तू अभ्यास सोडून बाहेर पळायचीस, आठवतं?

सगळ्यांना हा पाऊस मानवत नाही हे मला कळतं. 2014 च्या गारपिटीत सांगोल्याला मामाची डाळिंबाची बाग गेली, तेव्हा त्यांच्यासमोर मी पावसाचं नाव काढलं नाही वर्षभर. प्रेम आहे म्हणून त्याने केलेलं नुकसान दिसत नाही असं नाही.

तू म्हणतेस मुंबईत पावसाचा वैताग येतो. येत असेल, 26 जुलै 2005 ला तिथे एका दिवसात 944 मिलिमीटर पडला होता, आपल्याकडे अख्ख्या वर्षात सहसा तेवढा पडत नाही. आपण सह्याद्रीच्या मागे पडलो ना, ढग तिकडेच रिकामे होऊन येतात. जून-जुलै मान वर करून बघण्यात जातो, उजनी भरते ती पण पुणे भागातल्या पावसावर, आपल्या डोक्यावर कोरडं आभाळ आणि पेपरात धरण भरल्याची बातमी. खरा पाऊस सप्टेंबरला, त्याच्यावरच रब्बीची ज्वारी. त्यामुळे मे महिन्यातला हा अर्धा तास माझ्यासाठी लई मोठा असतो. तुझी चिडचिड खोटी नाही, पण एखाद्या दिवशी स्टेशनवर अडकलीस तर दोन मिनिटं मोबाईल खिशात ठेवून नुसता ऐक.

काल गारा पण पडल्या, बोराएवढ्या. तू लहानपणी स्टीलच्या डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवायचीस ना, तोच डबा शोधून सात-आठ ठेवल्यात. लाईट रात्री दोनला आली तोपर्यंत निम्म्या विरघळल्या, आता तीन उरल्यात, एकीच्या आत पांढरा गोल दिसतोय कांद्याच्या पापुद्र्यासारखा. आई म्हणतेय तिला फ्रीजरमध्ये जागा पाहिजे, मी म्हटलं रविवारपर्यंत राहू दे. शुक्रवारचं सिद्धेश्वर एक्सप्रेसचं तिकीट मिळतंय का बघ.

तुझे,
पप्पा