मिस्त्रीकाका, तुम्ही आमचं सागवान वाचवलंत

मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या गडबडीत पैसे मोजून दिले, चहा झाला आणि तुम्ही हत्यारांची पिशवी उचलून निघालात. आभार मानायचे राहून गेले. ते चार लोकांसमोर मानावेत असं मनात होतं, म्हणून हे उघड पत्र.

आषाढात तुम्हाला बोलावलं तेव्हा माझं जवळपास ठरलं होतं. पंचवटीतल्या आमच्या स्वयंपाकघरातली कपाटं १९८८ सालची, सासऱ्यांनी उभं राहून करून घेतलेली. दारं तेलकट, काळवंडलेली, दोन तर उघडताना खाली घासत होती. एका दुकानात फोटो बघूनच सांगितलं होतं, सगळं काढा आणि नवीन ट्रॉल्या बसवा. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी त्या स्वयंपाकघराकडे फिरकल्या नाहीत, हे माझ्या लक्षात आलं होतं.

तुम्ही टेप बाहेर काढण्याआधी सगळे खण रिकामे करायला लावलेत. जमिनीवर बसून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने एकेक फळी ठोकलीत, कोपऱ्यांत आणि भिंतीकडच्या बाजूला टोक रुतवून पाहिलंत. सिंकखाली ते टोक सरळ आत गेलं आणि ओला भुसा हातात आला. बाकी सगळीकडे आवाज खणखणीत. "ताई, आजारी एक खण आहे अन् तुम्ही सगळंच काढायला निघालात," असं म्हणालात. मग एका दाराच्या मागच्या बाजूने ब्लेडने थोडं पॉलिश खरवडलंत. खालून सागाच्या रेषा वर आल्या. सासूबाई तेव्हा कधी दारात येऊन उभ्या राहिल्या, मला कळलंच नाही.

मला पांढरा रंग हवा होता. तुम्ही नाही म्हणाला नाहीत, नीट समजावून सांगितलंत. साग मुळातच तेलकट लाकूड, त्यात शेगडीजवळ इतक्या वर्षांची फोडणी मुरलेली. नीट धुऊन, घासून, प्रायमर लावल्याशिवाय रंग टिकणार नाही, हँडलपाशी आधी सोलवटेल. सनमायका चिकटवायला सपाट पृष्ठभाग लागतो. आमच्या दारांना चौकट आणि मध्ये दबलेली फळी, म्हणजे आधी ती चौकटच बुजवावी लागली असती. खणांच्या आतली जुनी सनमायका मात्र तुम्ही टकटक करून पाहिलीत आणि कुठेच पोकळ वाजत नाही म्हणून तशीच ठेवलीत. तिथे नवी लावून बिल वाढवणं तुम्हाला सहज जमलं असतं.

सिंकखालचं काम तुम्ही सुताराचं मानलंच नाहीत. आधी प्लंबर बोलवा, गळती थांबवा, मग प्लाय. आठ दिवस तो कोपरा कोरडा राहिला तेव्हाच आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय आणलात. त्याच्या कापलेल्या कडासुद्धा बंद केल्यात आणि खण चार इंची पायांवर उचललात, म्हणजे फरशी धुताना पाणी लागणार नाही.

पॉलिशसाठी तुम्ही दसऱ्यापर्यंत थांबवलंत, तेव्हा मी थोडी नाराज झाले होते. पावसाळी हवेतली ओल धरली की पॉलिश पांढुरकं पडतं, हे मला माहीत नव्हतं. दसऱ्यानंतर कोरडं ऊन पडलं आणि गच्चीवर दारं मांडून तुम्ही गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून ती पुसलीत, पूर्ण वाळू दिलीत, मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरपासून २४० च्या बारीक पेपरपर्यंत घासत गेलात. पितळी बिजागऱ्या मी टाकून द्यायला काढल्या होत्या. "तांब्या-पितळेच्या गावात राहून पितळ टाकता व्हय?" म्हणत त्या चिंचेच्या पाण्यात घातल्यात. घासणारी दोन दारं बिजागरीचे स्क्रू सैल झाल्यामुळे खाली आली होती. जुन्या भोकांत लाकडाच्या खुंट्या ठोकून तुम्ही नवे स्क्रू पिळलेत.

पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते वेगळंच. तुम्ही सासूबाईंना विचारलंत, "आई, रोज काय लागतं? खाली वाकून काय काढता?" आमच्यापैकी कुणीतरी हे आधी विचारायला हवं होतं, घरातच राहते मी त्यांच्या. कणकेचा डबा, कुकर आणि पोळपाट, एवढंच त्या म्हणाल्या. त्या दोन खणांत तुम्ही चॅनेलवर सरकणारे ट्रे बसवलेत. दार उघडलं तरी बिजागरीकडे त्याची जाडी थोडी आत येते, म्हणून ट्रे तेवढा अरुंद केलात. गुडघे धरून खाली बसणं थांबलं. आता सकाळचा चहा पुन्हा त्याच करतात.

सिंकखालच्या खणाचं जुनं दार खालून कुजलेलं होतं. त्याच्या चांगल्या भागाचा तुम्ही न सांगता पाट करून दिलात. गुढीपाडव्याला आमच्याकडे जेवायला या, काकूंनाही घेऊन या. त्या पाटावर तुम्हालाच बसवायचं, असं सासूबाईंनी सांगून ठेवलंय.

तुमची,
पंचवटीतली ताई