3/8 च्या गणिताबद्दल बाईंचे जाहीर आभार

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

लेकीच्या वहीत 3/8 = 38% असं उत्तर होतं. खरं उत्तर साडेसदतीस, म्हणजे जवळपास आलेलंच. घाईत कुणीही पान उलटलं असतं. तुम्ही तिला जवळ बोलावून विचारलंत, "हे कसं काढलंस गं?" ती म्हणाली, "तीन आणि आठ शेजारी शेजारी लिहिले."

तुम्ही रागावला नाहीत, लगेच रीतही सांगितली नाहीत. फक्त 2/8 चे टक्के विचारलेत. तिने 28 लिहिले. मग कागदाच्या पट्टीला घड्या घालून आठ सारखे भाग करायला लावलेत आणि दोन रंगवून घेतलेत. रंगली ती बरोबर पाव पट्टी! पाव म्हणजे पंचवीस टक्के, हे तिला पक्कं ठाऊक होतं. रीत कुठे फसतेय ते तिचं तिलाच उमगलं. पुढे 7/8 चे 78 तर तिनेच खोडले. आठातले सात म्हणजे पाऊणच्या बरेच वर, तिथे साडेसत्त्याऐंशी यायला हवेत.

अंशाला 100 ने गुणा, छेदाने भागा, एवढीच तर रीत. ती घोकून घेता आली असती. तुम्ही त्याआधी पाव, अर्धा, पाऊण यांतलं उत्तर कशाच्या जवळ जाईल हे बघायची सवय लावलीत. मला त्याचंच जास्त अप्रूप वाटतं. 7/20 चा छेद 100 करताना अंशाला 5 ने गुणायचं राहिलं, तर 7% हे उत्तर आता तिला खटकतं. विसातले सात पावाहून जास्त, मग सात टक्के कसे? लगेच 35 करते.

परवा घरी निकाल बघत होतो. एका चाचणीत 20 पैकी 18, दुसरीत 80 पैकी 40. आम्ही 90 आणि 50 ची सरासरी काढून 70% म्हणून मोकळे झालो. तिने अडवलं. दोन्ही चाचण्यांचे गुण सारखे नाहीत, तर थेट सरासरी कशी चालेल? एकूण 100 पैकी 58, म्हणजे 58%. स्वतःचेच टक्के कमी होत होते, तरी किती ठामपणे सांगत होती!

एवढ्या भरल्या वर्गात, जवळपास बरोबर आलेल्या एका उत्तरासाठी तुम्ही आपली मधली सुट्टी दिलीत. त्याबद्दल मनापासून आभार. धाकट्यालाही तुमचाच वर्ग मिळावा, अशी फार इच्छा आहे.

आपली,
तुमच्या विद्यार्थिनीची आई