अनघास पत्र

चि. अनघास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आयर्लंडमधल्या लोकांनी तुला 2029 च्या स्थानिक कौन्सिलच्या निवडणुकीला उभी राहा म्हणून गळ घातलीय हे आईकडून कळलं. ऊर भरून आला, बाळ. पण त्यापुढं तू विचारलंस, "बाबा, मी बाहेरची. मी कशी उभी राहू?" त्याचं उत्तर फोनवर नीट देता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

कायद्याचं आधी. आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीत मत द्यायला किंवा उभं राहायला तिथलं नागरिकत्व लागत नाही. तिथं राहणारा 18 वर्षांवरचा कुणीही चालतो. रोटिमी अदेबारी नायजेरियातून 2000 साली आश्रय मागत तिथं गेले, 2004 ला पोर्टलीशच्या नगर कौन्सिलवर निवडून आले आणि 2007 ला तिथले महापौर झाले. आपल्या मालवणजवळच्या वराडचे डॉक्टर तिकडं गेले. त्यांचा मुलगा लिओ वराडकर कौन्सिलपासून सुरुवात करून 2017 ला पंतप्रधान झाला. म्हणजे वाट मळलेली आहे.

आता "बाहेरची" म्हणतेस त्याबद्दल. आपल्या कोल्हापूरला बाहेरची माणसं नवी नाहीत. 1943 ते 1948 या काळात वळिवड्याच्या छावणीत पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. ते गेल्यावर फाळणीत घरदार सोडून आलेले सिंधी त्याच जागी वसले. आज लग्नाचा बस्ता बांधायला आपण गांधीनगरला जातो, तेव्हा ही निर्वासितांची छावणी होती हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

आणि आपल्या गल्लीतल्या विजापूरच्या काकू आठव. नवरा शिरोलीला फाउंड्रीत लागला म्हणून आल्या, बोलण्यात अजून कानडी हेल आहे. 2019 च्या पुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी 43 फुटांची धोका पातळी ओलांडून वर वर चाललं होतं आणि शाळेत माणसं येतच होती. काकू पोरांची शंभर पानी वही घेऊन दारातच बसल्या. कुणाला साखरेच्या गोळ्या लागतात, कुणाचं बाळ वरच्या दुधावर आहे, कुणाची म्हैस कुठं बांधलीय, सगळं लिहून घेतलं. भाकरीच्या पाट्या आल्या की वही बघून आधी म्हाताऱ्यांना, मग पोरांना. पहिल्या दिवशी "ह्या कोण?" म्हणणारे तिसऱ्या दिवशी "काकूंना विचारा" म्हणू लागले. पाणी ओसरल्यावर पंचनाम्याच्या वेळीही लोक त्यांनाच घेऊन गेले. त्या कधी निवडणुकीला उभ्या राहिल्या नाहीत, पण पेठेत आजही गाऱ्हाणं आधी त्यांच्याकडं जातं.

तू टायडी टाउन्सच्या, म्हणजे गाव स्वच्छ ठेवणाऱ्या, लोकांबरोबर शनिवारी कचरा वेचायला जातेस ना, ती तुझी वही समज. फक्त भारतीयांची उमेदवार होऊ नकोस. ज्या म्हातारीच्या दारासमोरचा फुटपाथ उखडलाय, तिची हो. पण तिथल्या कौन्सिलच्या हातात काय आहे ते आधी नीट वाच. घरं, रस्ते, वाचनालयं, बागा त्यांच्याकडं. पाणी मात्र वेगळ्या सरकारी कंपनीकडं. जे हातात नाही त्याचा शब्द कुणाला देऊ नकोस.

शिवाय तिथं मतपत्रिकेवर 1, 2, 3 असे पसंतीचे आकडे घालतात. पहिली पसंती दुसऱ्याला देणारा माणूसही दुसरी तुला देऊ शकतो. तेव्हा ज्या दारावर नकार मिळेल तिथंही हसून दोन मिनिटं थांब. आपल्याकडच्यासारखं "हा आमचा, तो त्यांचा" तिथं करून चालायचं नाही.

आईला काळजी आहे, आणि मलाही. 2025 च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले, तेव्हापासून ती रात्री तुझा मेसेज आल्याशिवाय झोपत नाही. प्रचाराला एकटी जाऊ नकोस, अंधार पडायच्या आत घरी ये. यावर वाद घालू नकोस. पण भीतीपोटी घरात बस, असं आम्ही दोघंही म्हणणार नाही.

पक्षाकडून उभी राहायचं की अपक्ष, हे ठरवायच्या आधी फोन कर. त्यावर मला बरंच बोलायचंय. जावईबापूंना नमस्कार सांग.

तुझा,
बाबा